तीस मिली आणि वरची धार

मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही आणि एकोणीस वर्षं बीडमध्ये ती कशी मोजायची, कशी मिसळायची ते शिकवलं. ह्यात लपवण्यासारखं काही नाही, पण पहिली पाच-सहा वर्षं मी लपवलं. भिशीतल्या बायकांनी विचारलं तर "केटरिंग शिकवते" म्हणायचे. केटरिंग म्हटलं की त्या लगेच आपला ढोकळा का बसतो ते विचारायच्या आणि मी सुटायचे. आमच्या ह्यांना मात्र भारी हौस. पाहुण्यांपुढे चहा ठेवताना सांगणार, "अख्ख्या बीड जिल्ह्यात कॉकटेल शिकवणारी एकच बाई, ती नेमकी माझ्या वाट्याला. आणि उपयोग शून्य!"

मी शिकले गृहविज्ञान. आमच्या प्रशिक्षण केंद्रात हॉटेल सेवेचा वर्ग निघाला तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे होता आणि पेयं पुण्याहून आलेल्या एका सरांकडे. सरांना बीडचा उन्हाळा सोसला नाही. मे महिन्यात ते सुट्टीवर गेले, ते आजतागायत सुट्टीवरच आहेत. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिरा मोजूनच करता ना? मग वाटीच्या जागी पेग धरायचा." अशी ही विद्या माझ्या गळ्यात पडली.

केंद्रात खरी दारू आणायला मनाई. म्हणून रिकाम्या बाटल्या आणायच्या, गरम पाण्यानं तीनदा धुवायच्या आणि आपलं सामान भरायचं. व्हिस्कीच्या बाटलीत कोरा चहा, रमच्या बाटलीत काकवीचं पाणी, व्होडकेच्या बाटलीत नळाचं. बाटल्या आणायला सुरुवातीला शिपाई तयार होईना, म्हणून मी स्वतः पिशवी घेऊन एका परमिट रूमच्या मागच्या दाराशी गेले. तिथल्या माणसानं माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं आणि फार कनवाळू आवाजात विचारलं, "मावशी, मालक लई पितेत का?" त्या दिवसापासून ह्यांची गावात उगीच बदनामी झाली असणार. मी ती दुरुस्त करायला गेले नाही.

आता ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगते. ह्या कामात कला पंचवीस पैसे आणि मोजणं पाऊण रुपया. मोजायचं साधन म्हणजे पेग मेजर. स्टीलचं, दोन तोंडांचं माप, एका बाजूला तीस मिली, दुसऱ्या बाजूला साठ, मध्ये बारीक. आमची मुलं त्याला डमरूच म्हणायची. घरी ते नसेल तर खोकल्याच्या औषधावरचं झाकण धुऊन घ्या, त्यावर रेषा असतात. चमचे घेऊ नका. चमचे सासूबाईंच्या अंदाजासारखे, दर घरी वेगळे.

आंबटगोड पेयांचं सूत्र सोपं आहे. दारू दोन भाग, लिंबाचा रस एक भाग, साखरेचा पाक एक भाग. पाक म्हणजे वाटीभर साखर आणि वाटीभर पाणी, विरघळेपर्यंत गरम करायचं, तार येऊ द्यायची नाही. न पिणाऱ्यांसाठी दारूच्या जागी मोसंबीचा रस घ्या, पण मग पाक निम्मा करा आणि चिमूटभर मीठ टाका. पुदिना तळहातावर ठेवून एक टाळी द्यायची, खलबत्त्यात कुटला की कडवट होतो. बर्फ ग्लासभर घ्या. बर्फ कमी टाकला तर तो लवकर विरघळून पेय पाणचट होतं, हे कुणालाही पटत नाही, पण करून बघा. आणि सोडा सगळ्यात शेवटी, वरून. सोडा घातलेलं काहीही बंद भांड्यात, म्हणजे शेकरमध्ये, हलवायचं नाही.

हे शेवटचं वाक्य मी एका वर्गाला सांगायला विसरले होते. आमच्याकडं सोड्याला मंजुरीच नव्हती, सोड्याच्या जागी साधं पाणी असायचं आणि पाणी कितीही हलवलं तरी गप्प बसतं. त्या वर्गातला बालाजी, पाटोद्याकडचा, गोव्याला एका हॉटेलात लागला. पहिल्याच आठवड्यात त्यानं शेकरमध्ये सोडा घालून दणकून हलवला. झाकण उडालं ते पाहुण्याच्या कपाळाला लागलं. बालाजी दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत. भेटायला आला तेव्हा रागावला असता तर बरं झालं असतं. पण खाली बघून म्हणाला, "मॅडम, सोडा हालवायचा नसतो म्हनं. आपल्यात ते झालं नव्हतं का, का मीच त्या दिवशी आलो नव्हतो?" तो आला होता. वर्षभरात त्याची एक दांडी नव्हती. मी त्याला तसं सांगितलं आणि माझं चुकलं असंही सांगितलं. पण माझ्या सांगण्यानं त्याची गोव्याची नोकरी परत येणार नव्हती. पुढे तो रिक्षा चालवायला लागला. स्टँडवर दिसला की हात करायचा, आणि मला त्याच्या रिक्षात बसायचा धीर व्हायचा नाही.

विचित्र गिऱ्हाइकं मला केंद्राबाहेर जास्त भेटली. आमच्या गल्लीतले एक वकील घरीच पेयं बनवायचे. त्यांचा फोन यायचा, "मॅडम, कालच्याला चव होती, आजच्याला नाही. लिंबू बदललं म्हणावं तर झाड तेच." मी विचारलं, "मोजता कशानं?" म्हणाले, "बोटानं. ग्लासाला दोन बोटं लावायची, तिथवर ओतायची." मी म्हटलं, "ग्लास कोणता?" तर हाताला येईल तो. वकीलसाहेबांची बोटं म्हणजे बाजरीची कणसं. मी त्यांना पेग मेजर नेऊन दिलं आणि त्यांच्या दोन बोटांचं माप काढून दाखवलं. जवळजवळ शंभर मिली! वहिनींनी आतून येऊन माझ्या ओटीत नारळ घातला. नंतर वर्षभर वकीलसाहेब रस्त्यात भेटले की म्हणायचे, "तुम्ही माझ्यावर एकतर्फी हुकूम मिळवलात."

पण सगळ्यात जास्त घोर लावला तो महालिंगनं. माझ्या अगदी शेवटच्या वर्गातला.

महालिंग घाटनांदूरचा. वय चौतिसाच्या घरात, वर्गात सगळ्यात मोठा. घरचं तेलाचं आणि किराण्याचं दुकान. गळ्यात शिवलिंग, कपाळावर भस्म, बोलणं हळू. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा दुकान थोरल्याकडं गेलं आणि ह्याला गावाबाहेरची पडीक जागा आली. मग ह्यानं मोंढ्यात, धान्यबाजारात, मुनिमी केली, टेम्पोवर गेला, कशात जम बसेना. बायको महानंदा सात वर्षांच्या लेकीला, गौरीला घेऊन माहेरी गेली, बीडजवळ पालीला. सासरे काशिनाथआप्पा सरळ बोलले होते, महिन्याच्या महिन्याला पगार येणारी नोकरी लागेस्तोवर लेक पाठवणार नाही. ह्याला दीड वर्ष झालेलं. संभाजीनगरच्या एका हॉटेलात ओळखीनं शब्द टाकला होता. मालक म्हणाले होते, बार काउंटरवर घेतो, पण महिनाअखेरपर्यंत उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आण. परीक्षा त्याच महिन्यात होती. म्हणजे ही एक परीक्षा, आणि तिच्यावर त्याचा संसार.

मुलगा हुशार. पाककृती एकदा सांगितली की तोंडपाठ. फक्त 'एक' म्हणायचा नाही. "लाभ माप लिंबू, दोन मापं मोसंबी," असं म्हणायचा. धान्याची, तेलाची मापं मोजताना जुनी माणसं एकाच्या जागी लाभ म्हणतात, तेच त्याच्या जिभेवर. त्यानं काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते हातानं.

परीक्षेत तीस मिली म्हणजे तीस मिलीच लागतं. दोनाचा फरक चालतो, तिसऱ्याला नापास. महालिंग पेग मेजर असं भरायचा की वर पाण्याची शीग दिसायची. हो, पाण्यालाही शीग असते, काठाच्या वर फुगून थांबतं ते. ते माप तो ग्लासात ओतायचा आणि मग बाटली तिरकी करून वरून आणखी एक बारीक धार सोडायचा. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या मोजपात्रात मी ते ओतून बघायचे. छत्तीस. सदतीस. एकदा एकोणचाळीस.

"महालिंग, ही वरची धार कशाला?"

"पडलीच का?" तो स्वतःच चकित व्हायचा. "मॅडम, मला कळतच न्हाई. आमचे वडील म्हनायचे, माप सपाट दिलं की गिऱ्हाईक म्हनतंय ह्याचा हात आखडला. माप भरायचं दुकानाचं, आन वरची धार आपल्या मनाची. सातव्या वर्षापासून तेल मापलंय मी."

मी त्याला सगळ्या प्रकारे समजावलं. म्हटलं, इथं माणूस पेगवर आपला हिशेब ठेवतो. दोन घेतले, आता उठावं, असं तो मनाशी म्हणतो आणि गाडीवर बसतो. तू पुण्य म्हणून दर वेळी धार सोडलीस, तर त्याच्या दोनाचे अडीच झाले आणि त्याला पत्ता नाही. हे त्याला फार लागलं. दिवसभर जेवला नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा छत्तीस. मी बाटली लांब ठेवून पाहिली, तो हात लांब करायचा. इतर मुलांना सांगितलं की धार सुटायला लागली की मोठ्यानं 'बस' म्हणा. पोरांना तेवढंच पाहिजे होतं. सगळे एकदम ओरडले, हा दचकला आणि अर्धी बाटली टेबलावर. शेवटी मी चिडले. "दीड वर्ष बायको माहेरी आहे तुझी, आणि तुला सहा मिली आवरत नाहीत?" असं मी वर्गात, सगळ्यांसमोर बोलले. बोलायला नको होतं. तो टेबल पुसत राहिला.

ह्याच दिवसांत एका दुपारी काशिनाथआप्पा केंद्रावर आले. पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी. जावई काय शिकतोय ते बघायला आले होते. कपाटातल्या बाटल्या पाहून दारातच थांबले.

"बाई, शिकल्यासवरल्या दिसताव. ह्ये कावून शिकवायलाव तुमी?"

मी व्हिस्कीची बाटली काढली, कपात ओतली आणि पुढे केली. "घ्या."

आप्पा दोन पावलं मागं सरकले. "शिव शिव!"

"वास तर घ्या."

लांबूनच वास घेतला. मग जवळून घेतला. मग एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "च्या हाय की ह्यो! गारढोण, बिनसाखरंचा!" इतका वेळ भिंतीला टेकून उभा असलेला महालिंग पहिल्यांदा हसला. आप्पाही हसले, पण माणूस पक्का. कप खाली ठेवून म्हणाले, "आन तिथं, हाटेलात?"

"तिथं खरी असणार, आप्पा. खोटं सांगणार नाही."

आप्पांनी पिशवीचे बंद चाळवले. मग जावयाकडं न बघता म्हणाले, "हात लागंल, लागू द्या. पोटासाठी लोक कायबी धरत्यात हातात. तोंड लागू नये. आन पयला पगार झाला की मला सांगा, तवर पोरगी हाय तिथं बरी हाय." जाताना मला नमस्कार केला. मला एवढं कळलं की दार बंद नाही, पण कडी आतून आप्पांच्याच हातात आहे.

परीक्षेला नऊ दिवस राहिले तेव्हा मी माझी नोंदवही घेऊन बसले. रोज कुणी काय बनवलं आणि किती मिली भरलं ते मी लिहायचे. महालिंगची पानं नुसती छत्तीस-सदतीसनं भरली असतील असं वाटलं होतं. तसं नव्हतं. मधूनमधून तीस होतं. एकतीस होतं. तीस, तीस. मी वर पेयाचं नाव बघितलं. ज्या ज्या पेयात शेवटी लिंबाची फोड टाकायची होती किंवा पुदिन्याचं पान ठेवायचं होतं, तिथं त्याचं माप बरोबर आलेलं. वरून द्यायला काही नसलं की धार सुटायची!

मला इतका आनंद झाला की मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले आणि वरण करपलं. त्याच्या हाताला वरून काहीतरी द्यायचं होतं. काय द्यायचं ते मी ठरवू शकत होते. दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, "धार बंद. माप काठाशी सपाट भरायचं, ओतायचं, बाटली खाली ठेवायची आणि लगेच लिंबाची फोड. ही तुझी वरची धार." त्यानं केलं. तीस. पुन्हा केलं. तीस. आठ दिवस तीस. मी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण बोलले होते सगळ्यांसमोर. तो कानकोंडा होऊन म्हणाला, "असूंद्या मॅडम, आमच्या आईबी असंच बोलत्यात."

परीक्षेला पुण्याहून एक बाई आल्या. काटेकोर, कमी बोलणाऱ्या. चिठ्ठ्या काढायच्या, जे येईल ते बनवायचं. मला खोलीत थांबायची परवानगी होती, बोलायची नव्हती. महालिंगनं चिठ्ठी उघडली आणि वाचून दाखवली. "व्हिस्की, नीट, तीस मिली."

नीट म्हणजे नुसती. बर्फ नाही, सोडा नाही, लिंबू तर नाहीच. बाकीच्या मुलांसाठी ही सगळ्यात सोपी चिठ्ठी होती. आठ दिवस मी त्याला लिंबाच्या काठीवर चालवलं होतं आणि आता ऐन वेळी चिठ्ठीनं काठी काढून घेतली होती.

त्यानं ग्लास पुसला. माप भरलं, काठाशी सपाट. ग्लासात ओतलं. बाटली अजून उजव्या हातात होती. ती हळूहळू तिरकी व्हायला लागली. मी साडीचा पदर मुठीत धरला. चहा बाटलीच्या गळ्यापर्यंत आलेला मला दिसत होता. महालिंगचा डावा हात टेबलावर काहीतरी शोधत होता, फोड नव्हती. तो शोधत पाण्याच्या जगला लागला. त्यानं बाटली खाली ठेवली. जग उचलून दुसऱ्या छोट्या ग्लासात पाणी ओतलं आणि तो ग्लास पहिल्याशेजारी ठेवला. "घ्या मॅडम. वर पानी दिलंय."

बाईंनी मोजपात्रात ओतलं. बरोबर तीस. मग पाण्याच्या ग्लासाकडं बोट केलं. "हे का दिलंत?"

महालिंग घाबरला. "वरचं काय तरी द्यावं लागतंय मॅडम. न्हाई तर हात बसत न्हाई आमचा."

बाई पहिल्यांदा हसल्या. "द्यायलाच हवं. नीट दिली की शेजारी पाणी, हा नियमच आहे. सकाळपासून ही चिठ्ठी पाच जणांना आली, कुणी दिलं नाही."

कसं देतील? मी शिकवलंच नव्हतं. पुस्तकात ते होतं, मी दर वर्षी वाचत होते, आणि नळाचं पाणी काय शिकवायचं म्हणून दर वर्षी पुढं जात होते. त्या पाच मुलांचे दोन-दोन गुण माझ्यामुळं गेले. नापास कुणी झालं नाही, हे नशीब. बालाजीच्या वेळेसारखंच मी पुन्हा केलं होतं आणि ह्या वेळी महालिंगनं, ज्या खोडीसाठी मी त्याला बोल बोल बोलले त्या खोडीनंच, स्वतःला वाचवलं होतं. मला हसावं का रडावं कळेना. बाहेर येऊन मी व्हरांड्यातल्या माठातलं तांब्याभर पाणी उभ्यानं प्यायले.

प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा महिन्याचे चार दिवस उरले होते. तो त्याच दुपारच्या गाडीनं संभाजीनगरला गेला. मग काही दिवस काहीच नाही. मी निवृत्तीचे कागद गोळा करत होते, पण प्रत्येक फोनला धावत होते. त्याचा फोन आला, लागलो म्हणाला, खोली बघतोय म्हणाला. पगार झाल्यावर पालीला गेलतो, असंही एकदा म्हणाला. "काय म्हणाले आप्पा?" तर, "जेवून जा म्हनले." एवढ्यावरून काय समजायचं? जेवून जा तर शत्रूलाही म्हणतात. मी ह्यांना रोज विचारायचे, पाठवतील का हो? हे म्हणायचे, तू पंच आहेस का?

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला एका सकाळी अनोळखी नंबर आला. बाईचा आवाज, लाजरा. "मॅडम, मी महानंदा. पालीहून बोलतेय. ह्यांनी नंबर दिला."

"बोल गं. काय झालं?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"झालं काय न्हाई. आप्पा आज शाळेत गेलते. गौरीचा दाखला काढून आनला." मागं पोरगी कशासाठी तरी हट्ट करत होती, तिला गप्प करून ती पुढं म्हणाली, "तुमाला सांग म्हनले आप्पा. आमी दुपारच्या गाडीनं निघालाव."

मी बरं झालं म्हणाले, सावकाश जा म्हणाले, पोरीला खिडकीशी बसव म्हणाले, आणखी काय काय म्हणाले आठवत नाही. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. हे धावत आले, काय झालं म्हणून. मी म्हटलं, दाखला काढला. ह्यांना काही कळलं नाही, तरी शेजारी बसले.